पसरली की पसरवली

१० नोव्हेंबर, सोमवार

आज ‘स्प्रेड’ घेतलं. फर्स्ट इयरच्या मुलींना इंग्रजी म्हटलं की झोप येते, त्यात सोमवारचा पहिला तास. म्हणून पुस्तक बंद केलं आणि एकच क्रियापद फळ्यावर लिहिलं. म्हटलं, याचे जितके उपयोग सुचतील तितके सांगा. सगळ्या नर्स होणार, हा शब्द त्यांना जन्मभर लागणार.

तास रंगला. पिंकी म्हणाली, माय मदर स्प्रेड्स पापड इन द सन — पेण तालुक्यातल्या पापडांच्या गावची पोरगी, दुसरं काय सुचणार! कोणी पावाला लोणी फासलं, कोणी चादर अंथरली, कोणी हात पसरले. मराठीत प्रत्येकाला वेगळा शब्द — अंथरणं, फासणं, पसरणं, फैलावणं. इंग्रजीत सगळ्यांना मिळून एक. भूतकाळातसुद्धा रूप बदलत नाही. स्प्रेड, स्प्रेड, स्प्रेड. मुली खूश. पाठ करायला काहीच नाही.

मग मागच्या बाकावरून करिश्मा उठली. ती सहसा बोलत नाही. गागोदे बुद्रुकच्या पुढच्या कातकरवाडीतली आहे, तिथून बारावी झालेली पहिलीच मुलगी. तिने विचारलं, डोंगरावर वणवा आपोआप पसरला तरी स्प्रेड, आणि कोणी पसरवला तरी स्प्रेडच? मी म्हटलं, हो. म्हणाली, मग कोणी केलं ते कसं कळणार? मी म्हटलं, वाक्यात कर्ता लिहिला तर कळतं. नाही लिहिला तर नाही. चांगला प्रश्न होता. वर्गासमोर तसं म्हणालेसुद्धा.

तास संपल्यावर ती थांबली. मला वाटलं आणखी काही विचारायचं असेल. तिने गळ्याची ओढणी खाली केली. मानेला उजव्या बाजूला सूज, लिंबाएवढी, त्यावर सुईची खूण. सरकारी दवाखान्यात तपासलं. गाठीचा टीबी. छातीचा फोटो स्वच्छ आहे, हा दुसऱ्याला लागत नाही, असं डॉक्टरांनी तिला नीट सांगितलंय. सहा महिने गोळ्या घ्यायच्या. सकाळी गोळ्या घेतल्या की मळमळतं, तासभर पडून राहावं लागतं, आणि पहिला तास नेमका माझा. म्हणून ती बरेचदा नसते.

“कुणाला सांगू नका, मॅडम. टीबी म्हटलं का लोक पुढचं ऐकत नाय.”

मी म्हटलं, माझ्यापाशीच राहील.

११ नोव्हेंबर

करिश्माला खिडकीजवळच्या बाकावर बसवलं. मळमळलं तर पटकन बाहेर जाता येईल. कोणाला काही कळलं नाही. तिने नुसतं माझ्याकडे बघितलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

डबा खाताना अनिता हजेरीचा हिशोब करत बसली होती. आमचं ऑफिस तीच सांभाळते — प्रवेश, फी, हजेरी सगळं. करिश्माच्या नावाशी येऊन थांबली आणि सुरू झाली. म्हणे या मुलींना सगळं सवलतीत मिळतं ना, म्हणून किंमत नसते. सकाळी लोळत पडायचं. हजेरी भरली नाही तर मी काही परीक्षेला बसवायची नाही.

मला राग आला. खरंच आला. ती पोरगी गोळ्या घेऊन, भिंतीला टेकून, तोंड धुऊन दुसऱ्या तासाला येते आणि ही म्हणते लोळते! मी म्हटलं, “अगं, टीबी झालाय तिला. गोळ्यांनी मळमळतं.”

अनिताचा घास हातातच राहिला. ती काही विचारणार तेवढ्यात तिचा फोन वाजला आणि ती बोलत बोलत उठून गेली. ती जाताना मी खुणेनेच सांगितलं, कुणाकडे बोलू नकोस. तिनेही मान हलवली.

संध्याकाळी ऑफिसच्या दारातून म्हणाली, हजेरीचं मी बघते, तू काळजी करू नकोस. चला, पोरीचं वर्ष वाचलं.

गाठीचा आहे हे सांगायचं राहिलं. सोमवारी सांगेन.

१७ नोव्हेंबर, सोमवार

करिश्मा वर्गात नव्हती. दुसऱ्या तासालाही नव्हती. मुली कुजबुजत होत्या. विचारलं तर पिंकी उभी राहिली. ती करिश्माची खोलीतली सोबतीण. म्हणाली, मॅडम, तिला टीबी आहे. सगळ्यांना माहितेय.



मधल्या सुट्टीत होस्टेलवर गेले. करिश्माची गादी खोलीतून काढून कोठीशेजारच्या खोलीत टाकलीय, जिथे तांदळाची पोती आणि जुने पंखे ठेवतात. तिथेच बसली होती, पुस्तक मांडीवर घेऊन. ताट बाजूला धुऊन ठेवलेलं. ताटाच्या मागे लाल नेलपॉलिशचा ठिपका. ओळखू यावं म्हणून.

मला बघून ती उठून उभी राहिली. मी विचारलं, जेवलीस का? हो म्हणाली. मी विचारलं, गोळ्या घेतल्यास? हो म्हणाली. माझ्या पिशवीत दोन चिकू होते ते दिले आणि निघाले. चिकू!

अनिताला ऑफिसात गाठलं. ती शांत होती. मी फक्त पिंकीला जपून राहा म्हटलं, म्हणाली. एका खोलीत झोपतात, माझी मुलगी असती तरी सांगितलं असतं. पिंकीने घरी फोन केला, तिच्या आईने शनिवारी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, आणि काल दिवसभर मोठ्या मॅडमना फोनवर फोन. मोठ्या मॅडम म्हणजे आमच्या प्राचार्या.

मग अनिता हळूच म्हणाली, आपण दोघी गप्प बसलेलं बरं.

१८ नोव्हेंबर

मोठ्या मॅडमनी सगळ्यांना बोलावलं. मुलीच्या आजाराची गोष्ट बाहेर गेलीच कशी, असं विचारत होत्या. त्या स्वतः नर्स होत्या, त्यांना टीबीचं सगळं कळतं. पण कोणता टीबी हे विचारायलाही त्यांना सवड नाही, पालक मुली घेऊन जायच्या धमक्या देतायत.

मला फक्त एवढंच बोलायचं होतं — तो गाठीचा आहे, कोणाला लागत नाही. एका वाक्यात गादी परत खोलीत गेली असती. पण पुढचा प्रश्न आलाच असता — तुम्हाला कसं माहीत?

मी बोलले नाही.

मोठ्या मॅडमनी माझ्याकडे बघून विचारलं, तुमच्या वर्गात काही बोलणं झालं होतं का? मी म्हटलं, “नाही. बातमी कशी पसरली काय माहीत.”

पसरली. पाणी सांडतं आणि आपोआप पसरतं, तशी. मराठीत पसरणं वेगळं आणि पसरवणं वेगळं, एवढा सोयीचा फरक आपल्या भाषेत आहे आणि मी बरोबर त्यातलं सोपं रूप उचललं. व्याकरण कामाला आलं म्हणायचं.

शेवटी कोणीतरी म्हणालं, खोल्या झाडायला हौसामावशी जाते, तिने गोळ्यांची पाकिटं पाहिली असणार. सगळ्यांच्या माना हलल्या. अनिताची हलली. माझी हलली नाही. स्थिर राहिली, बस.

१९ नोव्हेंबर

करिश्मा घरी निघून गेली. कोणाला न सांगता. पुस्तकं इथेच आहेत.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सकाळची गाडी निडी स्टेशनला थांबली. हौसामावशी चढली नाही.

रोज चढते. मी रोह्याहून येताना खिडकीची जागा धरून ठेवते, ती निडीला चढते, आणि पेणपर्यंत आमच्या गप्पा. मेसचा स्वयंपाक तिचाच. सत्तरएक मुलींच्या भाकऱ्या, भात, डाळ, आणि वर खोल्यांची झाडलोट. आज शेजारची जागा पेणपर्यंत रिकामीच राहिली. कोणी विचारलं तर मी म्हणत होते, कोणी येतंय.

कॉलेजात कळलं. काल संध्याकाळी तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. मुलींच्या खाजगी गोष्टी बाहेर नेते म्हणून. ती म्हणे काही भांडली नाही. डबा उचलला आणि गेली.

घरी नवऱ्याला, जगनला, सगळं सांगितलं. तो धाटावच्या कंपनीत शिफ्ट करून नुकताच आला होता. जेवता जेवता म्हणाला, तू तर तिच्या भल्यासाठीच बोललीस, एवढं काय मनाला लावून घेतेस.

भल्यासाठी. चार दिवस मीही हेच घोकतेय. पण हे पान मीच वाचणार, तर खरं लिहिते. अनिता बोलली तेव्हा राग आला, हे खरं. पण तिला गप्प करायला, ती आजारी आहे गं, एवढं पुरलं असतं. मी नाव घेतलं रोगाचं. कारण मला ते माहीत होतं आणि तिला नव्हतं. अनिताचा घास हातात राहिला, तेव्हा मला बरं वाटलं. क्षणभर. त्या क्षणापायी दोन बायकांचं काय झालं ते मी बघतेय.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सरकारी दवाखान्यात गेले. टीबीच्या डॉक्टर तरुण आहेत, घाईत असतात. मी माझी ओळख सांगितली आणि विचारलं, करिश्मा तपासायला येऊन गेली का? तिच्या गोळ्या चालू आहेत ना?

त्यांनी मान वर करून बघितलं. “पेशंटबद्दल मी काही सांगू शकत नाही, मॅडम.”

सरळ आवाजात बोलल्या. मला टोमणा मारायचं त्यांना काही कारणच नव्हतं. तरी कान गरम झाले.

मग म्हटलं, तुम्ही कॉलेजात येऊन मुलींना टीबीची माहिती द्याल का? नर्सिंगच्या मुली आहेत, आणि त्यांच्यात फार गैरसमज आहेत. त्या म्हणाल्या, मंगळवारी येते.

मोठ्या मॅडमना विचारलं तर त्या लगेच हो म्हणाल्या. पालकांना दाखवायला काहीतरी हवंच होतं.

२५ नोव्हेंबर

डॉक्टर आल्या, बोलल्या. फुप्फुसाचा टीबी खोकल्यातून पसरतो, आणि त्यातही औषध नीट चालू झालं की थोड्या दिवसांत धोका बराच कमी होतो. मणक्याचा, गाठीचा, हाडाचा — एकट्या त्याच जागी असेल तर शेजारी बसून, एका ताटात जेवून कोणाला लागत नाही. कोणाचं नाव घेतलं नाही. मुली खाली बघून बसल्या होत्या. पिंकीने विचारलं, मग गळ्याच्या गाठीचा असेल तर? डॉक्टर म्हणाल्या, तर तशा मुलीला तुझ्यापासून जपायला हवं, तुला तिच्यापासून नाही.

पिंकी रडायला लागली. म्हणजे तिला गाठ माहीत होती. खोलीत एकत्र राहतात, दिसली असणारच. पण टीबी म्हटल्यावर पुढचं कोणी जोडून बघितलंच नाही.

मोठ्या मॅडम मला म्हणाल्या, डॉक्टरांना बोलावण्याची तुमची कल्पना फार चांगली. स्टाफसमोर म्हणाल्या. मी थँक्यू म्हटलं.

थँक्यू म्हटलं मी!

२८ नोव्हेंबर

झोप नीट नाही. मुलींचे पेपर तपासायला घेतले तर तीच चूक दोनदा दुरुस्त करत होते.

३० नोव्हेंबर, रविवार

करिश्माच्या वाडीवर जाऊन आले.

मोठ्या मॅडमनीच सांगितलं होतं, कोणीतरी जाऊन तिला परत आणा. मी लगेच पुढे झाले. सगळ्यांना वाटलं, केवढी माया.

पेणहून एसटीने गागोद्यापर्यंत गेले, पुढे पायी. भात कापून झालाय, शेतांत वालाची रोपं वर आलीत. वाडीत अर्ध्या घरांना कड्या. दिवाळीनंतर एक एक कुटुंब वीटभट्टीवर निघतं. करिश्माच्या दारात पण बोचकी बांधून ठेवलेली. तिची आई आवडी पातेली पोत्यात भरत होती.

मी सांगितलं, कॉलेजातून आलेय, करिश्माला न्यायला. आवडीने हातातलं पातेलं खाली ठेवलं नाही.

“कशाला न्यायची? तिथं पोरीचं ताट वेगळं केलंत. आमच्या वाडीत कुणी कुणाचं ताट वेगळं करत नाय.”

मी डॉक्टरांचं सगळं सांगितलं. मुलींना समजलंय, पिंकी रडली, गादी परत खोलीत ठेवलीय. आवडी ऐकत राहिली. मग म्हणाली, परवा आम्ही भट्टीवर जाणार, पोर पण येईल. तिचं ती गोळ्या खाईल. शिकून नर्स झाली का तवाबी लोक तिच्या हातची सुई घ्याया नको म्हनतील.

करिश्मा आतून बाहेर आली. थोडी वाळलीय. ओढणी नव्हती गळ्यात, इथे झाकायची गरज नसावी. गोळ्यांचं विचारलं तर पाकीट आणून दाखवलं, एकही चुकलेली नव्हती. तेवढ्याने मला सुटल्यासारखं झालं. आम्ही दोघी मागच्या आंब्याखाली जाऊन बसलो. मी तिथे बोलणार होते. एसटीत बसल्यापासून वाक्य जुळवत होते. तोंड उघडलं आणि निघालं ते असं — “कोणीतरी बोललं गं, आणि गोष्ट पसरली. फार वाईट झालं.”

ती काडीने माती उकरत होती.

मग तिने विचारलं, हौसामावशी कशी हाय? तिनंच रोज ताट आणून दिलं मला त्या खोलीत. बाकी कुणी आत यायचं नाय, ती येऊन बसायची.

मी सांगितलं. सांगावंच लागलं. तिला काढलं. तिनेच बाहेर सांगितलं असं सगळ्यांना वाटतं.

करिश्माचा हात थांबला. तिने माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. मी वालाच्या शेताकडे बघत होते.

“मी येते,” ती म्हणाली. “कपडे घेते.”

आवडी बडबडत राहिली, पण तिनेच पिशवीत सुकट बांधून दिली. निघताना मला म्हणाली, बाई, आता तुमच्या भरवशावर हाय पोर.

परतताना एसटीत करिश्मा माझ्या खांद्याला टेकून झोपली. मी पेणपर्यंत हलले नाही.

१ डिसेंबर, सोमवार

करिश्मा सकाळी आली ती वर्गात न जाता थेट मोठ्या मॅडमच्या केबिनमध्ये. मी तिथे सही करायला उभी होते. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

“मावशीनं नाय सांगितलं,” ती म्हणाली. “तिला वाचता येत नाय. कसल्या गोळ्या हायत ते तिला कसं कळंल? मी तिला तापाच्या म्हणून सांगितलेलं.”

इतकी साधी गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नव्हती. म्हणजे माझ्या आली होती. मावशीला वाचता येत नाही, हे मला पाच वर्षं ठाऊक आहे. गाडीत तिच्या मुलाचे मेसेज मीच तिला वाचून दाखवते.

त्यांनी विचारलं, मग कोणी सांगितलं?

करिश्मा म्हणाली, “ते मला नाय माहीत.”

माझ्या हातात पेन होतं. सही केली. आणि हे लिहायलाही लाज वाटते — पहिल्यांदा जे मनात आलं ते असं, की हिला माझा संशय नाही.

३ डिसेंबर

पिंकीने स्वतःची गादी करिश्माच्या शेजारी ओढली. माफी वगैरे मागितली नाही, मुली मागत नाहीत. दोघी हाडांची नावं एकमेकींना म्हणून दाखवत होत्या. सगळं पहिल्यासारखं दिसतंय.

मावशीला मात्र परत बोलावलेलं नाही. दुसरी बाई लावलीय, आता तिला कसं काढायचं, असं मोठ्या मॅडम म्हणतात. शिवाय करिश्मा म्हणते म्हणून काय, मावशी नसेल तर मग कोण?

निडीला आजही ती जागा रिकामी होती.

५ डिसेंबर, शुक्रवार

सांगितलं.

ठरवून नाही गेले. ठरवलं असतं तर पुन्हा वाक्य जुळवत बसले असते. मोठ्या मॅडम एकट्या होत्या. मी दार लोटलं आणि उभ्यानेच म्हणाले, “करिश्माची गोष्ट मी पसरवली. तिने मला विश्वासाने सांगितली होती आणि मी ती दुसरीकडे बोलले. हौसामावशीचा काही संबंध नाही.”

अनिताचं नाव घेतलं नाही. कोणाकडे बोललात, असं त्यांनी विचारलं, तेव्हा म्हटलं, बोलणारी मी, तेवढंच लिहून घ्या.

त्या म्हणाल्या, “हे तुम्ही अठरा तारखेलाच सांगितलं असतंत, नम्रता मॅडम, तर त्या बाईची भाकरी गेली नसती.” आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. माझं जूनपर्यंतचं काँट्रॅक्ट आहे, पुढचं कमिटी बघेल, असं म्हणाल्या. मी हो म्हटलं. मावशीला सोमवारपासून बोलावतील, नवीन बाईला झाडलोटीवर ठेवतील.

दुपारी अनिता माझ्याजवळ आली. तिला कुठूनतरी कळलं होतं. म्हणाली, माझं नाव का नाही घेतलंस? मी म्हटलं, तू पिंकीला जपायला बोललीस. मी कशाला बोलले ते मला माहितेय. ती गेली. तासाभराने मोठ्या मॅडमच्या दारात दिसली. आत काय बोलली मला माहीत नाही.

६ डिसेंबर, शनिवार

संध्याकाळी निडीला उतरले. पाच वर्षं रोज हे स्टेशन बघतेय, उतरले पहिल्यांदा. मावशीचं घर विचारत गेले. अंगणात तांदूळ पाखडत बसली होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. केलं ते, आणि मग गप्प राहिले ते. दुसरं जास्त वाईट, हे मला बोलताना कळत होतं.

तिने सूप खाली ठेवलं.

“मला वाटलं, बाई तरी बोलेल माझ्यासाठी. रोज शेजारी बसते.”

मी म्हटलं, चुकले मावशी.

“कामावर येईन मी,” ती म्हणाली. “पोरींना नवीन बाईची आमटी आवडत नाय, असं ऐकलं. पण गावात सगळ्यांना झालंय, हौसाला चुगली केली म्हणून काढली. आता घरोघरी कोण जाऊन सांगणार, का ती हौसा नव्हती?”

मी म्हटलं, मी जाते. आत्ता जाते.

तिने माझ्याकडे बघितलं आणि पहिल्यांदा थोडी हसली, पण ते हसू चांगलं नव्हतं. “नको गो. तू आता घरी जा. अंधार पडंल.”

पाच वर्षांत पहिल्यांदा तिने मला गो म्हटलं. ते जवळ घ्यायला की दूर लोटायला, समजलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

तरी शेजारच्या दोन घरांत गेलेच. सांगितलं. त्या बायका ऐकून माझ्याकडे बघत राहिल्या. काय वाटलं असेल त्यांना कोण जाणे. वरस्याला घरी पोचेपर्यंत अंग मोडून आलं होतं.

करिश्माला अजून सांगितलेलं नाही. सोमवारी. ती माझं तोंड बघणार नाही, याची तयारी ठेवलीय. तिने वर्ग बदलून मागितला तर मोठ्या मॅडमना सांगेन, बदलून द्या. मी चिकू देऊन निघून आले होते, तिने निदान मला तसं गोड बोलून वाटेला लावू नये.

८ डिसेंबर, सोमवार

मावशी निडीला चढली. पलीकडच्या टोकाला बसली.

तास संपल्यावर करिश्माला थांबवलं. सांगितलं. एका दमात, खाली न बघता. ती ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली,

“माहीत हाय, मॅडम. मी तुमच्याशिवाय कुणालाच सांगितलं नव्हतं.”

मी विचारलं, वाडीवर आले तेव्हाही माहीत होतं?

“पहिल्या दिवसापासून.”

मग आईला का नाही सांगितलंस?

“आईनं तुम्हाला दारातूनच परत पाठवलं असतं,” ती म्हणाली. “आन् मला यायचं होतं.”